सुट्टीत घरी आल्यावर रोजचं खाणं: पहिल्यांदाच हॉस्टेलवरून परतणाऱ्यांसाठी

काही महिने हॉस्टेलवर काढून मोठ्या सुट्टीसाठी घरी निघालेल्याच्या डोक्यात खाण्याबद्दल एकच बेत असतो: आता मनसोक्त खायचं. पहिले दोन-तीन दिवस तसं होतंही. मग उठायला साडेअकरा वाजू लागतात. नाश्ता आणि दुपारचं जेवण एकच होऊन जातं. चार वाजता बिस्किटांचा पुडा फुटतो, रात्री सगळे जेवायला बसतात तेव्हा भूक नसते आणि एक वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात. आठवड्याभरात पोट तक्रार करतं, घरात एक-दोन खटकेही उडतात. एवढं चांगलं जेवण हाताशी असताना असं का व्हावं, हे काही उमगत नाही.

मला विचाराल तर सुट्टीत ताटापेक्षा घड्याळ आधी बिघडतं. मेसचं जेवण कसंही असो, तिच्या वेळा पक्क्या असतात. उशीर झाला तर नाश्ता गेला. घरचं स्वयंपाकघर मात्र चोवीस तास उघडं, शिवाय "उठलास का? काय देऊ?" असं विचारणारं माणूस तिथे हजर. म्हणून पुढे पदार्थांपेक्षा वेळांबद्दल आणि फ्रिजबद्दल जास्त लिहिलंय.

निघण्याआधी एक फोन

या काही महिन्यांत तुमचं खाणं बदललेलं असू शकतं. कुणी मांस सोडलेलं असतं, कुणी सुरू केलेलं असतं, कुणाला दुधाने त्रास होतो हे नव्याने कळलेलं असतं. ते घरी पोचण्याआधी सांगा. पहिल्याच दिवशी खास तुमच्यासाठी केलेलं ताटात वाढलं जात असताना "मी हे खात नाही आता" म्हटलं, की त्या वाक्याचा अर्थ करणाऱ्याला वेगळाच लागतो. तेच फोनवर आठवडाभर आधी सांगितलं तर ती निव्वळ एक माहिती असते. त्याच फोनवर घरी सध्या कोण किती वाजता जेवतं तेही विचारून घ्या. तुम्ही नसताना घराच्या वेळाही सरकलेल्या असतात.

खोलीतून निघताना खणातले उघडे पुडे संपवा नाहीतर टाका. फळं तर अजिबात मागे ठेवू नका.

पहिले तीन दिवस: खा, वजनकाटा टाळा

या दिवसांत आवडीचं खाणं होणारच, ते रोखायचं कारण नाही. फक्त पोटाला अचानक बदल सोसत नाही हे लक्षात असू द्या. तेला-तुपाचं जेवण पोटातून पुढे सरकायला जास्त वेळ लागतो, म्हणून तीन भरगच्च जेवणं लागोपाठ झाली की चौथ्या वेळेला छातीत जळजळ ठरलेली. दिवसातून एकच जेवण भरपेट ठेवलं तर हे टळतं. तंतुमय पदार्थांचंही तसंच. महिनोन्‌महिने कॅन्टीनवर काढलेल्या आतड्यांवर एकदम कच्च्या भाज्या आणि कडधान्यांचा मारा केला तर गॅस होतो. दोन-चार दिवसांत प्रमाण हळूहळू वाढवा आणि पाणीही त्याच बेताने वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम फळं-भाज्या सुचवल्या आहेत. तिथवर पोचायला सुट्टीचा पहिला आठवडा लागला तरी चालेल.

वजनकाट्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सुट्टीतल्या निम्म्या चिंता तिथून सुरू होतात. शरीर साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात करतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. त्यात जास्तीच्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटात असलेलं अन्न मिळवा. दोन दिवसांत काटा एक-दीड किलो पुढे गेला तर त्यात चरबी फार थोडी असते. या आकड्यावर घाबरून चौथ्या दिवशी उपाशी राहणारे पाचव्या दिवशी दुप्पट खातात.

दिवसाचं पहिलं खाणं पक्कं करा

सगळ्या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा. सुट्टीत तुम्ही किती वाजता उठणार हे मी ठरवू शकत नाही आणि सकाळी सहाचा उपदेश करणाऱ्यांतला मी नाही. पण पहिलं खाणं अमुक वाजेपर्यंत झालेलंच असेल, अशी एक हद्द घाला. दहा ही बरी वेळ आहे. रात्री कितीही वाजता झोपलात तरी दहाला उठून खायचं. हवं तर नंतर दुपारी अर्धा तास आडवं व्हा.

याने काय होतं? दहाला खाल्लं तर दुपारचं जेवण घरच्यांबरोबर एक-दीडला होतं, रात्री आठ-नऊला खरी भूक लागते आणि मध्यरात्रीचा फ्रिज आपोआप टळतो. एक वाजता पहिला घास घेतला तर सगळी साखळी तीन तास पुढे सरकते, आणि तुमच्या घरात रात्री बाराला जेवायला बसणारं दुसरं कुणी नसतं. झोप कमी पडली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जास्त जातो, हाही अनुभव सगळ्यांच्या गाठीशी आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सकाळी पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ती वेळ रोज बदलत राहिली की पोट साफ होण्याची वेळही हरवते. सुट्टीतल्या बद्धकोष्ठतेची सुरुवात बरेचदा इथे होते आणि खापर मात्र घरच्या जेवणावर फुटतं.

या पहिल्या खाण्यात प्रथिनं असू द्या, म्हणजे तासाभरात परत डबे उघडत बसावं लागत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर दुधात ८ च्या आसपास. दोन अंडी आणि पेलाभर दूध म्हटलं की २० ग्रॅम झाली. तुमचं वजन ६० किलो असेल तर दिवसभराची गरज साधारण ५० ग्रॅमची, म्हणजे सकाळीच बरीचशी भागली. अंडी खात नसाल तर दही, शिजवलेली कडधान्यं, मूठभर शेंगदाणे. रात्रीची भाजी गरम करून खाल्ली तरी तो नाश्ताच. नाश्त्याला नाश्त्याचाच पदार्थ हवा असा काही कायदा नाही, आणि तुमच्यासाठी दहाला वेगळं काही करायला लागलं नाही तर घरचं माणूस मनातून खूश होतं.

चहा-कॉफीबद्दल एवढंच: कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या मोठ्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अजून अंगात असतं. परीक्षेच्या काळात लागलेली रात्रीच्या कॉफीची सवय तेवढी हॉस्टेलवर सोडून या. चहा जेवणाला जोडून न घेता तासभर अंतर ठेवून घेतला तर अन्नातलं लोहही नीट शोषलं जातं. ज्या मुलींना लोह कमी असल्याचं सांगितलं गेलंय त्यांनी हे जरूर पाळावं.

फ्रिज उघडण्याआधी

हॉस्टेलवर फ्रिजचा नियम सोपा असतो: ज्याचा डबा त्याचं अन्न, आणि तरीही ते चोरीला जातं. घरच्या फ्रिजमध्ये सगळंच आपलं वाटतं. घोळ इथेच होतो. मधल्या कप्प्यात झाकण लावलेली अर्धी वाटी भाजी दिसते. तुमच्या लेखी ते उरलेलं अन्न. आईच्या डोक्यात मात्र ती बाबांच्या उद्याच्या डब्याची भाजी असते. ती रात्री एक वाजता संपते आणि सकाळी सातला आई रिकामी वाटी हातात घेऊन उभी राहते. ती काही बोलत नाही, पुन्हा भाजी चिरायला घेते. म्हणून घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, "मला कधीही खाता येईल असं कुठल्या कप्प्यात ठेवशील?" एक कप्पा किंवा एक मोठा डबा तुमच्या नावाचा झाला की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. रात्री दोनला कुणाला उठवून विचारावं लागत नाही. दूध संपवलंत तर सांगा, किंवा सकाळी तुम्हीच आणा.

आता त्या डब्यांच्या वयाबद्दल. फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, कडक उन्हाळा असेल तर एक तास. फ्रिजमध्ये गेलेलं शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवावं. खाताना हवं तेवढंच काढून आतपर्यंत वाफाळेल असं गरम करा. नुसतं कोमट करून भागत नाही आणि पुन्हापुन्हा गरम-थंड करणं तर सगळ्यात वाईट. वासावरून परीक्षा करण्याची घरोघरी सवय असते, पण आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जिवाणूंमुळे अन्नाला वास येतच नाही. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. पहिल्या दिवशी घरचे हसतील. आठवड्याने ती पट्टी आजीच्या डब्यांवरही दिसली तर नवल नाही.

भाताचं प्रकरण वेगळं आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात पातेल्यात तसाच तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि असं विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दुपारचा भात ओट्यावर राहिला आणि रात्री एकला फोडणी देऊन खाल्ला, तर त्या फोडणीने चव येते, सुरक्षितता येत नाही. भात उरला तर पसरट भांड्यात पातळ पसरा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

फ्रिजचं दार हा सगळ्यात कमी थंड भाग, कारण ते सतत उघडतं. दूध आतल्या बाजूला ठेवा. कच्चं मांस किंवा मासे सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. आणि डीप फ्रिज जिवाणूंना मारत नाही, फक्त थोपवून धरतो. त्यातून काढलेलं अन्न ओट्यावर न ठेवता खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सैल होऊ द्या.

सगळ्यांबरोबर एक जेवण

दिवसातलं एक जेवण घरच्यांबरोबर, फोन बाजूला ठेवून. कुठलं ते घरावर सोडा. बाकीच्या वेळी तुम्ही काय खाता यावर मग फारसं कुणी बोलत नाही, हा त्यातला व्यवहारी फायदा.

"अजून थोडं घे" याला नाही म्हणणं अवघड असतं. त्यावर उपाय साधा आहे: पहिल्यांदा वाढून घेतानाच भुकेपेक्षा कमी घ्या. मग दुसऱ्यांदा आनंदाने मागता येतं, वाढणाऱ्यालाही बरं वाटतं आणि एकूण जेवण बेताचंच होतं. आधीच ताट भरून घेतलं तर आग्रहाला जागाच उरत नाही. मग "नको, नको" ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. सावकाश खा. पोट भरल्याची जाणीव डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि मेसमध्ये सहा मिनिटांत ताट रिकामं करायची लागलेली सवय घरीही चालू राहते.

"किती बारीक झालीस", "चांगलाच सुटलायस" हे ऐकावं लागणार. उत्तर देत बसू नका, विषय खाण्यावर न्या: "आज हे कशात केलंय?" नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर निभावतं. पण ज्या मुलामुलींना खाणं हाच त्रास झाला असेल, म्हणजे लपून भरमसाट खाणं, खाऊन मुद्दाम उलटी करणं, दिवसदिवस उपाशी राहणं, त्यांनी हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगावं आणि डॉक्टरांकडे जावं. तो आजार आहे. वरच्या वेळापत्रकाने तो बरा होणार नाही.

रात्री उशिराची भूक

कधीतरी लागणारच. ती खरी आहे का हे ओळखायची माझी खूण अशी: साधं दही किंवा उकडलेलं अंडं खायची तयारी असेल तर भूक आहे, फक्त चिप्सच हवे असतील तर कंटाळा आहे. भूक असेल तर खा, गुन्हा नाही. पण फ्रिजचं दार धरून, उभ्याने, डब्यातूनच चमच्याने खाऊ नका. बशीत काढा, बसा, खा, बशी धुवून ठेवा. सकाळच्या रागाचं खरं कारण बहुतेक वेळा ती न धुतलेली बशीच असते.

त्यासाठी दिवसा थोडी तयारी हवी. उकळत्या पाण्यात अंडी सोडून दहा-बारा मिनिटं ठेवली की कडक उकडली जातात. सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. धुतलेली फळं डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवा आणि चिप्स वरच्या कपाटात. जे समोर दिसतं ते खाल्लं जातं, मनोनिग्रहाचा संबंध फार थोडा.

आठवड्यातून एक जेवण तुमच्या हातचं

आदल्या दिवशी जाहीर करा, सामान स्वतः आणा आणि शेवटचं पातेलं घासेपर्यंत काम तुमचं. पातेलं तसंच टाकून दिलं तर ती मदत धरू नये. सुरुवातीला मसूर घ्या. भिजवावी लागत नाही आणि वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. राजमा करणार असाल तर जपून. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या एका द्रव्याने जोरदार उलट्या होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा आणि मग पुढची कृती. मंद आचेवर नुसता गरम राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही त्रासदायक ठरू शकतो.

घरच्या माणसाकडून एक पदार्थ तरी शिकून घ्या. "किती घालायचं?" विचारलंत तर "अंदाजाने" एवढंच उत्तर मिळेल आणि वहीत तेवढाच शब्द लिहिला जाईल. म्हणून विचारू नका. आजीची मीठ धरलेली चिमूट पातेल्यावर पोचण्याआधी तिच्याखाली तुमचा चमचा धरा. चमच्यात पडू दे, पाऊण चमचा झाला की पाऊण लिहा, मग ते पातेल्यात घाला. तिखटाचं, पाण्याचं, सगळ्याचं असंच. तिला वैताग येईल, दोनदा रागावेल, पण हॉस्टेलच्या शेगडीवर उपयोगी पडेल अशी कृती या एकाच मार्गाने मिळते. आच कधी कमी केली, झाकण कधी काढलं, हेही घड्याळ बघून टिपा.

परतीच्या आधीचे चार दिवस

जेवणाच्या वेळा रोज थोड्या-थोड्या मेसच्या वेळांकडे सरकवा, म्हणजे पहिल्या सोमवारी आठच्या नाश्त्याला पोट तयार असतं.

बरोबर काय न्यायचं याचा निर्णय ओलाव्यावर करा. भाजलेले दाणे, सुकामेवा, कोरडे भाजलेले पदार्थ हवाबंद डब्यात आठवडेच्या आठवडे टिकतात, कारण जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. रस्सा, भात, दही घातलेलं काहीही लांबच्या प्रवासाला देऊ नका म्हणावं. निघताना डब्यात भरलेलं अन्न दोन तासांत खाणार असाल तेवढंच ओलं चालेल. ओला चमचा कोरड्या डब्यात घालायचा नाही, हे खोलीतल्या मित्रांनाही बजावून ठेवा.

किती न्यायचं यावर घरी वाद होणार. तुम्ही "एक डबा" म्हणाल, पिशवीत पाच निघतील. पोचल्यावर त्यातलं लवकर खराब होणारं पहिल्या दोन दिवसांत वाटून संपवा, बाकीच्यावर तारखा घाला. रिकामे डबे धुवून, पूर्ण वाळवून, झाकणांसकट एका पिशवीत ठेवा. पुढच्या सुट्टीला तुमच्याआधी त्या डब्यांची चौकशी होते.